टेबलावर घेतलेलं माप

डगलने त्याची स्लीपिंग बॅग माझ्या टेबलावर अशी ठेवली, जणू वाटेत कुणाचं तरी गाठोडं सापडलं होतं आणि तो ते चौकीवर जमा करत होता.

"काप," तो म्हणाला.

"काय कापू?"

"ही. नोएलिनच्या मापाची कर."

माझं टेबल लहान नाही. गॅरेजात गाडी राहते तिथे ते आहे आणि गाडी बाहेर पावसात असते. त्यावर मी घोड्यांच्या आणि वासरांच्या झुली शिवते, तंबूंच्या चेन बदलते, लोकांच्या रेनकोटांना ठिगळं लावते. कुणी शिकवलं नाही. पहिली झूल मी घरातल्या पडदे शिवायच्या मशीनवर शिवली आणि मशीन मोडली. तर अशा त्या टेबलावरही डगलची बॅग दोन्ही टोकांनी लोंबत होती. डगल सहा फूट चार. बॅग त्याच्याहून लांब, रुंदीला दोन मेंढ्या मावतील एवढी, हंसाच्या छातीखालच्या मऊ पिसांनी ठासून भरलेली. ती कुठल्या कुठल्या बर्फात त्याच्याबरोबर झोपली आहे हे डोंगर भटकणाऱ्या आमच्या क्लबातल्या सगळ्यांना पाठ होतं, कारण तो ते सांगितल्याशिवाय राहायचा नाही.

"डगल, हे केस नाहीत. एकदा कापलं की पुन्हा वाढत नाहीत."

"माहीत आहे मला."

"मग तू कशात झोपशील?"

"घरात, बायकोशेजारी. गुडघे आता तेवढंच करू देतात." तो दाराकडे वळला आणि थांबला. "तिला सांगू नकोस मी दिली म्हणून. सांग, क्लबाची आहे."

"तुझ्या बॅगेवर तुझं नाव आहे. शाईने. फावड्याएवढ्या अक्षरांत."

"मग ते आधी काप," तो म्हणाला आणि गेला.

हे सगळं केटल हटवरून चाललं होतं. केटल हट, म्हणजे क्लबाची डोंगरातली मुक्कामाची झोपडी, आमच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, नदीकाठच्या माळावर आहे. एके काळी नदी तिथून चांगली लांब वाहायची. मागच्या काही पुरांत ती माळ खात खात हटच्या धुराड्यामागे येऊन ठेपली. वनखात्याचा माणूस वर जाऊन बघून आला आणि म्हणाला, येत्या वसंतात बर्फ वितळलं की ही जाणार. पत्रे आणि खिळे पार समुद्रापर्यंत पसरतील, त्याआधी उतरवा. त्याच्याशी भांडायला जागा नव्हती. क्लबाने ठरवलं, हिवाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनी वर जायचं, एक रात्र तिथे काढायची आणि सकाळी आपल्या हातांनी हट उतरवायची. बांधणाऱ्यांपैकी आता एकटी नोएलिन उरली आहे. एकोणीस वर्षांची असताना तिने छपराचे पत्रे पाठीला बांधून खिंडीतून आणले होते. वारा पत्र्यात शिरला की ती भोवऱ्यासारखी फिरायची, असं माझे वडील सांगायचे. तेही त्या खिंडीत तिच्या मागे होते.

शेवटच्या रात्री नोएलिन तिथे नसेल, असा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नव्हता. मग ईस्टर आला, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याआधीचे गार दिवस.

ईस्टरला आम्ही काहीजण खिळे मोजायला आणि अवजारं ठेवायला वर गेलो होतो. नोएलिन तिची जुनी, पोत्यासारखी झालेली बॅग घेऊन आली होती. पहाटे ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायला लागली. ओठ जांभळे, जीभ जड, आणि अंगाचं कापणंही थांबलेलं. ते थांबणं वाईट असतं. मी आणि डगलने तिला मधे घेतलं, सगळ्यांच्या बॅगा वर ओढल्या, साखरेचं गरम पाणी चमच्याने पाजलं. ऊन आलं तेव्हा ती ताळ्यावर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "डगल, तुझा कोपर माझ्या बरगडीत आहे."

खाली उतरल्यावर डगलने गाडीपाशीच तिला सांगितलं. "नोएलिन, तू रात्रभर उबेत झोपतेस याची मला खात्री पटत नाही, तोवर मी तुला वर नेणार नाही."

"नेणार नाहीस? अरे, तू दहा वर्षांचा होतास आणि रडत होतास, तेव्हा तुला मी नेलंय."

"म्हणूनच," डगल म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलत नव्हती. आणि तो तिच्यासाठी आपली बॅग कापायला आणून गेला होता.

दुसऱ्या दिवशी नोएलिन क्विन्स नावाच्या फळाच्या मुरंब्याची बरणी घेऊन माझ्याकडे आली. बरणी टेबलावर ठेवून तिने बॅगेकडे पाहिलं. डगलच्या नावावर मी मुद्दाम एक झूल टाकली होती.

"क्लबाची म्हणे."

"हो."

"डगलच्या पायाचा वास येतोय हिला."

"क्लबातल्या सगळ्यांच्या पायांना तोच वास येतो," मी म्हटलं. "चल, माप घेऊ. झोप इथे." खाली सिमेंटवर मी चटई अंथरली होती. स्लीपिंग बॅगेचं माप उभ्याने घेऊन चालत नाही. माणूस आडवा झाला की पंजे पुढे ताणले जातात, मान सैल पडते, कुशीवर झोपणारा गुडघे दुमडतो. बॅगेत ऊब नसते. ऊब माणसाची असते आणि बॅग ती फक्त धरून ठेवते. पायांपुढे जागा रिकामी राहिली की आपलं अंग रात्रभर ती जागा तापवत बसतं. अपुऱ्या लाकडांवर मोठं सभागृह तापवावं तसं.

नोएलिनने चटईकडे पाहिलं. विहिरीत बघावं तसं.

"माझं माप मला माहीत आहे. पाच फूट सात."

"आडवं होऊनच द्यावं लागतं गं."

"पोरी, मी पाच फूट सात आहे हे या खोऱ्यातल्या मेंढ्यांनासुद्धा ठाऊक आहे. तू पुढे चार बोटं सोड नि शिव."

मी तिचं म्हणणं ऐकलं. इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या क्लबात माणूस पाठीवर किती ओझं घेईल, किती चालेल, कुठली वाट त्याला झेपेल, हे तो सांगेल तेच. दुसऱ्याने तपासायचं नाही. तपासणं म्हणजे अपमान. याला अपवाद एकच, नदी. नदी ओलांडताना आम्ही एकमेकांच्या सॅकखालून हात घालून, साखळी करून पाण्यात उतरतो. त्याआधी काठावर प्रत्येकाने आपलं जे असेल ते सांगायचं. पाय मुरगळलाय, चक्कर येतेय, भीती वाटतेय. तिथे कुणी हसत नाही. कारण पाण्यात एकाचं खोटं सगळ्यांना वाहून नेतं.

माप हे मी ओझ्यात धरलं. ते नदीत धरायला हवं होतं, हे मला सुचलं नाही.

पिसांचं काम मी न्हाणीघरात करते. खिडकी बंद, पंखा बंद, दाराखाली ओला टॉवेल. बॅग उलटी करून टबात घेते, हात ओले करते, आणि श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडते. बॅगेत आडवे कप्पे असतात, एकाखाली एक, प्रत्येकात पिसं कोंडलेली. पायाकडचे तीन कप्पे काढायचे, पायाचा गोल तुकडा सोडवून वर आणून बसवायचा. आधी दोन टिपा मारायच्या, मग त्या दोन टिपांच्या मधून कापायचं. उलटं केलंत तर पुढचे आठ दिवस तुमच्या चहात हंस पोहतो. मी उलटं केलेलं नाही, पण तरीही नवऱ्याला लोण्यात पिसं सापडली.  एक पीस बाहेर काढून त्याने खिडकीच्या कडेवर वाळत ठेवलं.

कात्री लावण्यापूर्वी मी थोडी थांबले. निळं कापड कोपरांपाशी पांढरं पडलेलं, चेनजवळ मेणबत्तीने जळलेलं छोटं भोक, त्यावर डगलनेच लावलेलं चिकटपट्टीचं ठिगळ. चाळीस वर्षं तो माणूस यात झोपला होता. मग मी कापलं. काढलेली पिसं उशीच्या अभ्र्यात गोळा केली आणि थोडी थोडी करून उरलेल्या कप्प्यांत भरली. छातीपाशी जास्त, पायापाशी सगळ्यांत जास्त.

त्याच दिवशी नोएलिनच्या मुलीचा, पिपचा फोन आला. ती ख्राइस्टचर्चला असते. लहानपणी ती माझ्यामागे एक इयत्ता होती.

"ग्लेनिस, आई म्हणते तू तिला बॅग शिवून देतेयस."

"शिवून नाही, आखूड करून."

"नाही जमत म्हणून सांग ना."

 माझ्या भुवईला पीस चिकटलं होतं.

"कापड जुनं आहे, शिवण धरत नाही, काहीही सांग. तुझं ऐकेल ती. माझं ऐकत नाही. मी म्हटलं घर विक, तर म्हणते हट विकतोय का आपण? मी म्हटलं आई, हट पाडतायत. तर तीन दिवस फोन नाही उचलला."

"पिप, मी निम्मी कापलीय."

"मग निम्मी ठेव." पिपचा आवाज बदलला. "ती तिथे मेली तर डगलला काही वाटणार नाही, तुला काही वाटणार नाही, सगळे म्हणतील किती छान गेली, डोंगरात गेली. मला ती डोंगरात जायला नकोय. मला ती जायलाच नकोय."

 मी म्हटलं, "उबेत झोपली तर मरणार नाही." फोन ठेवल्यावर कळलं, हे आपण आता कबूल करून बसलो.

बॅग तयार झाली. आमच्याकडे नवी किंवा दुरुस्त केलेली बॅग डोंगरात नेण्याआधी अंगणात वापरून बघतात. घर दहा पावलांवर असतं, फजिती झाली तरी शेजाऱ्यांशिवाय कुणाला कळत नाही. नोएलिन बॅग घेऊन गेली. तिच्या मागच्या ओसरीवर बाकडं आहे, त्यावर ती झोपणार होती. त्या रात्री गारठा असा पडला की सकाळी माझ्या गाडीचं दार गोठून बसलं होतं.

नऊच्या सुमाराला ती आली. बॅग दोन्ही हातांत, मेलेल्या कुत्र्यासारखी धरून.

"थंडी वाजली," ती म्हणाली. तेवढंच.

"कुठे? छातीला?"

"पायांना. नंतर सगळीकडे." ती स्टुलावर बसली. "पहाटे आत गेले. चूल पेटवली. ग्लेनिस, बॅग चांगली आहे, तुझं काम चांगलं आहे. मीच आता ऊब करत नाही बहुतेक. विझलेय."

नोएलिनने स्वतःबद्दल असं काही बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी बॅग उचलून त्यात हात घातला. वरच्या दोन तृतीयांशात पिसं मोकळी, कोरडी, झोपून उठलेल्या अंथरुणासारखी. पायाकडे मात्र ती ओलसर आणि आवळलेली होती. पाय नाही पोचले की तिथे अंगाची वाफ जमते आणि गार होते. चांगला वीतभर पट्टा तसा होता, वीतभराहूनही जास्तच. पाच फूट सातच्या माणसाचे पाय तिथे पोचायला हवे होते.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. ज्याला आपण रोज बघतो त्याला आपण बघत नाही. तिच्या कोटाचं टोक पोटऱ्यांखाली गेलं होतं. तोच कोट पूर्वी गुडघ्यावर असायचा. पँटची खालची घडी आत वळवून मोठ्या, वाकड्या टाक्यांनी शिवली होती. मी टाके ओळखते. ते तिचे होते आणि रागाने घातलेले होते. पाठीला वरच्या बाजूला एक उंचवटा आला होता, कोटाखाली कुणी पोळी दुमडून ठेवावी तसा.

"नोएलिन," मी म्हटलं, "परत माप घेऊ."

"दिलंय माप."

"मी घेते."

तिने जमिनीकडे पाहिलं. "खाली नाही झोपणार मी."

"का?"

"सिमेंट गार आहे."

"चटई घालते. दोन घालते."

"नाही म्हटलं ना!" ती एकदम ओरडली.  बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

मी टेबलावरची झूल ओढून काढली. कात्र्या, खडू, दोऱ्याची रिळं, मुरंब्याची बरणी, सगळं खिडकीत नेऊन ठेवलं. टेबल माझ्या कमरेएवढं आहे. त्याच्याशेजारी स्टूल ठेवलं, त्यापुढे झुली ठेवण्याची पेटी. दोन पायऱ्या झाल्या.

"इथे झोप," मी म्हटलं. "उतरताना पाय खाली सोडलेस की उभीच."

नोएलिन बराच वेळ त्या पायऱ्यांकडे बघत राहिली. मग बूट काढून एकावर एक पाऊल टाकत चढली, बसली, आणि हळूहळू, एकेक मणका विचारून घेतल्यासारखी, मागे आडवी झाली. मी डोक्याखाली घडी केलेली झूल दिली. तिने डोळे मिटले. माझ्या हातात टेप होती.

टाचेपासून डोक्यापर्यंत पाच फूट दोन. मी पुन्हा मोजलं. पंजे ताणूनसुद्धा पाच फूट तीनला थोडं कमी.

"किती?" ती म्हणाली.

"पाच फूट दोन."

तिने डोळे उघडले नाहीत. "माझी आई होती एवढी," ती म्हणाली. "आम्ही तिला चिडवायचो, आई, कणीक भिजवताना पाटावर उभी राहा." मग थोड्या वेळाने, "पिपला ठाऊक नाहीये. मागच्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात पडले. लागलं नाही काही. पण उठताच येईना. टेबलाचा पाय धरला, खुर्ची धरली, खुर्ची माझ्या अंगावर आली. दुपारी टपालवाली आली तिने उठवलं. तिला मी सांगितलं, जमिनीवर मांजर शोधत होते. माझ्याकडे मांजर नाही."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही.

"म्हणजे ईस्टरला—"

"ईस्टरला हटमधल्या झोपायच्या फळीवर होते. फळीवरून उठता येतं. जमिनीवरून नाही." तिने डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं. बोटं गार होती. "डगलला सांगू नकोस. त्याला वाटतंय मला बॅगेची अडचण आहे. तेवढंच वाटू दे. तू बॅग नीट कर, मी उबेत झोपेन, हट बघेन, येईन. नंतर पिपला घर विकू दे, मला कुठे ठेवायचं तिथे ठेवू दे. एवढं एकदा, ग्लेनिस."

मला ते करायचं होतं. देवाशपथ, फार करायचं होतं. बॅग दुसऱ्यांदा कापायची, आपलं तोंड बंद ठेवायचं, झालं.

"वाटेत नदी आहे," मी म्हटलं.

"नदी मला तुझ्याआधीपासून ओळखते."

"तू साखळीत असशील. तुझा एक हात माझ्या सॅकखाली, एक डगलच्या. पाय सरकून तू बसलीस, आणि त्याला ठाऊक नसेल की तू आपणहून उठू शकत नाहीस, तर तो तू उठायची वाट बघेल. पाण्यात."

तिची बोटं माझ्या मनगटावर तशीच होती.

"मला हे कुणी शिकवलं? काठावर सांगायचं असतं हे? डगलला कुणी शिकवलं?"

तिने माझं मनगट सोडलं. ती छताकडे बघत राहिली. तिथे माझ्या नवऱ्याची सायकल टांगलेली आहे, बघण्यासारखं काही नाही. मग ती कुशीवर वळली, पाय खाली सोडले, पेटीवर टेकवले आणि उभी राहिली. माझा हात पुढे आला होता, तो तिने घेतला नाही.

"फोन कर त्याला," ती म्हणाली. "मी नाही करणार. मी त्याच्याशी बोलत नाहीये."

डगल आला. नोएलिनने सगळं सांगितलं. उंची, खुर्ची, टपालवाली, नसलेलं मांजर. बॅगेचं बोलताना ती म्हणाली, "आणि ही बॅग क्लबाची नाहीये, हेही मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, गाढवा." डगल दारात उभा होता, चौकटीला हात लावून. त्याचं डोकं कायम चौकटीला लागतं म्हणून तो तसाच उभा राहतो.

मला वाटलं, आता तो नाही म्हणणार. त्याला नाही म्हणायला सगळी कारणं होती, आणि मीच ती फोन करून त्याच्या हातात दिली होती. नोएलिनलाही तसंच वाटलं असावं. ती तिच्या कोटाचं बटण लावत होती, जायची तयारी केल्यासारखी.

"एक विचारतो," डगल म्हणाला. "पडलीस तर हात घेशील?"

"म्हणजे?"

"तू आयुष्यात कुणाचा हात घेतला नाहीयेस. खिंडीत ग्लेनिसचे वडील हात द्यायचे तर तू त्यांना म्हणायचीस, स्वतःचा पत्रा सांभाळा. मी दिला की तू वर बघतेस आणि दुसरीकडून चढतेस. मला नुसतं हो नकोय. मला ठाऊक हवंय. नदीत, फळीवर, संडासाच्या वाटेवर, जिथे मी हात पुढे करीन तिथे तू तो धरशील. विचार न करता. मग नेतो."

नोएलिनचं बटण लागत नव्हतं. तिने ते सोडून दिलं.

"संडासाच्या वाटेवर ग्लेनिस," ती म्हणाली. "बाकी ठिकाणी तू."

"ठरलं."

पिपला तिने स्वतः फोन केला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एवढंच कळलं की पिप निघायच्या दिवशी रस्त्याच्या टोकापर्यंत आली आणि गाडीत बसून राहिली, आम्ही वळणाआड जाईपर्यंत.

बॅग मी दुसऱ्यांदा कापली. आणखी दोन कप्पे गेले. आता पिसं कुठे भरावी असा प्रश्न पडला इतकी उरली. पायाचा भाग इतका फुगला की नोएलिन म्हणाली, पावासारखा आलाय. रुंदीही आत घेतली. अंगणात ती त्यात झोपली आणि सकाळी फोन करून म्हणाली, "घामाघूम झाले. काय भट्टी केलीस गं!" ती तक्रार करत होती. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात थोडी रडले आणि मग कुणाच्या तरी वासराची झूल शिवायला घेतली.

नदीत ती डगल आणि माझ्या मधे होती. पाणी मांड्यांपर्यंत, हिरवं, गार. एकदा तिचा पाय दगडावरून सरकला, तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं आणि डगल "थांबा" म्हणाला, सगळी साखळी थांबली. तिने त्याचा पट्टा घट्ट धरला. मग "चला" म्हणाली. पलीकडे गेल्यावर कुणी त्याविषयी बोललं नाही. मोज्यांतलं पाणी पिळलं आणि निघालो.

हटमध्ये आम्ही अकरा जण, फळ्या आठ. तिला चुलीजवळची खालची फळी दिली. जेवण, गाणी, ओली लाकडं आणि धूर असं सगळं नेहमीसारखं झालं. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण नोएलिन झोपली.

सकाळी बाहेर गवतावर पांढरं दव गोठलं होतं. धुराड्यामागून नदीचा आवाज असा येत होता, जणू कुणीतरी भिंतीला कान लावून बसलंय. डगलने चहा केला, शिड्या लावल्या, दोघे जण पहारी घेऊन छपरावर चढले. सगळे बाहेर होते. आत नोएलिन बॅगेत होती, नाकापर्यंत.

"उठ आता," मी म्हटलं. "छप्पर काढतायत."

"माझ्या डोक्यावरचा पत्रा आधी काढायला सांग. मी इथूनच बघते."

"घाण पडेल अंगावर. गंज, खिळे."

"डोळ्यांवर हात धरीन."

मी बाहेर जाऊन डगलला सांगितलं. तो वर ओरडला, "धुराड्याजवळचा आधी. सावकाश. खाली ती आहे."

मी आत येऊन तिच्यापाशी बसले आणि तंबूचं कापड तिच्या अंगावर धरलं. वर पहार घुसली. खिळे कर्कश ओरडत निघाले, एकामागून एक. गंजाचा भुगा पडला, उंदरांचं घर पडलं, वाळलेली पानं पडली. मग पत्रा एका बाजूने उचलला गेला आणि उजेडाची लांब पट्टी तिच्या बॅगेवर आली, पायापासून छातीपर्यंत, निळ्या कापडावर. पत्रा पूर्ण सरकला. वर आकाश होतं, आणि कडेला दोन माणसांचे चेहरे, खाली वाकून बघणारे.

नोएलिनने डोळ्यांवरचा हात काढला.

ती किती वेळ बघत होती ते मी सांगू शकणार नाही. तोंडातून वाफ निघत होती, गालांना रंग होता. छपरावरचे दोघे पत्रा हातात धरून तसेच उभे होते. तो खाली कसा ठेवावा हे त्यांना कळत नसावं.

"हलका दिसतो इथून," ती शेवटी म्हणाली. "आणताना नव्हता."

डगल दारातून आत आला, डोकं वाकवून. त्याने हात पुढे केला नाही. फळीशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला.

नोएलिनने चेन उघडली. दोन्ही हात बाहेर काढले आणि आमच्याकडे केले, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"उठवा मला," ती म्हणाली. "चहा गार होतोय."